उपकाराची फेड : जॉन न्यूटन याचे चरित्र

न्यूटन हे नाव ऐकले की आपल्यापुढे शाळेच्या पुस्तकातला, सफरचंदाच्या झाडाखाली बसलेला शास्त्रज्ञ उभा राहतो. आजची कथा त्याची नव्हे. तो आयझॅक न्यूटन. तो वारला तेव्हा आपला हा जॉन न्यूटन लंडनमध्ये नुकता पावले टाकायला शिकलेला होता. ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने जगभर गाइले जाणारे ख्रिस्ती भजन ज्याने लिहिले, तो हा. देवाने आपल्याला मरणाच्या दाढेतून ओढून काढले, तेव्हा उरलेले आयुष्य आपले नव्हेच, ते त्याचे, या एका भावनेवर हा माणूस जवळजवळ साठ वर्षे जगला. म्हणून त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. परंतु आधीच सांगून ठेवतो, हे चरित्र नुसते गोड नाही. त्यात एक काटा आहे, आणि तो काटा काढून ठेवून कथा सांगितली तर ती खोटी होईल.

जॉनचा जन्म सन १७२५ च्या जुलै महिन्यात लंडन शहरातील वॉपिंग भागात, थेम्स नदीच्या काठी झाला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान. वर्षातले बहुतेक दिवस समुद्रावर, आणि घरी आला तरी पोराला जवळ घेईल असा स्वभाव नव्हे. आई एलिझाबेथ मात्र मोठी भाविक बाई. अंगाने अशक्त, छातीचे दुखणे जडलेले. पण तिने पोराला मांडीवर घेऊन अक्षरे शिकविली, देवाची गाणी तोंडपाठ करून घेतली. आपला जॉन पुढे धर्मोपदेशक व्हावा एवढीच तिची इच्छा होती. पोराचा सातवा वाढदिवस उजाडायच्या आधीच क्षयाने ती गेली. आईने पेरलेले बी कुठे तरी खोल दडून राहिले, वर मात्र पुष्कळ वर्षे नुसते तण माजले. बापाने दुसरे लग्न केले, पोराला काही दिवस शाळेत ठेवले आणि अकराव्या वर्षी आपल्याबरोबर जहाजावर घेतले.

सतराव्या वर्षी, सन १७४२ च्या डिसेंबरात, तो केंट परगण्यातील चॅटम गावी आईच्या ओळखीच्या एका घरी गेला. तिथे त्या घरची मुलगी मेरी कॅटलेट त्याच्या दृष्टीस पडली. तिला अजून चौदा पुरी व्हायची होती. बापाने त्याच्यासाठी जमैका बेटावर नोकरी ठरविली होती. हा पठ्ठ्या त्या घरीच मुक्काम लांबवीत राहिला आणि जहाज निघून गेले. पुढे त्याच्या हातून जे जे वेडेवाकडे घडले त्यात ही एक ओढ तेवढी शुद्ध राहिली. मरावेसे वाटले तेव्हा मेरीच्या आठवणीने त्याला मरू दिले नाही, असे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

त्या काळी इंग्लंडात आरमारासाठी तरुण पोरे रस्त्यावरून धरून नेत. जॉनलाही असेच धरले आणि ‘हारविच’ नावाच्या लढाऊ जहाजावर चढविले. तिथे नास्तिकपणाची पुस्तके आणि तशीच सोबत मिळाली. देव नाही असे तो म्हणू लागला. एवढ्यावर न थांबता दुसऱ्यांची श्रद्धा मोडण्यात त्याला रस वाटू लागला. खलाशी म्हणजे शिव्यांना लाजणारी जात नव्हे, पण याच्या तोंडच्या शिव्या ऐकून तेही कान झाकीत. सन १७४५ मध्ये तो जहाज सोडून पळाला, पकडला गेला, आणि सगळ्या खलाशांसमोर उघड्या पाठीवर फटके खाऊन अगदी खालच्या पायरीवर ढकलला गेला. पुढे मदिरा बेटाशी त्याला दुसऱ्या एका व्यापारी जहाजावर दिले. ते जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी चालले होते.

होय, माणसेच. आफ्रिकेतून बायापुरुष व मुले पकडून, बेड्या घालून, समुद्रापलीकडे अमेरिकेत आणि वेस्ट इंडीज बेटांवर उसाच्या नि तंबाखूच्या मळ्यांत विकायची, हा त्या काळी युरोपातला राजमान्य धंदा होता. लिव्हरपूलसारखी बंदरे त्यावर गबर झाली. देवळात जाणारे, दानधर्म करणारे सभ्य गृहस्थ त्यात भांडवल घालीत, आणि त्याची कोणाला लाज वाटत नसे.

जॉन सिएरा लिओनजवळच्या प्लॅंटेन नावाच्या बेटांवर एका गोऱ्या दलालाच्या पदरी राहिला. मनात बेत असा की आपणही या धंद्यात श्रीमंत व्हावे. झाले उलटेच. त्या दलालाची आफ्रिकन बायको तिथल्या मोठ्या घराण्यातली होती, आणि तिला हा पोरगा पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे नको होता. दलाल प्रवासाला गेला आणि इकडे जॉन तापाने पडला. बाईने त्याला एका चटईवर टाकून दिले, उशाला लाकडाचा ओंडका. पाणी मागितले तरी मिळेना. तिच्या ताटातले उष्टे कधी मधी मिळे. एकदा तर अशक्तपणाने हातातली ती थाळीही पडली, आणि दुसरे अन्न द्यायचे सोडून ती हसली. रात्री लपत छपत जाऊन तो शेतातली कंदमुळे उपटून कच्चीच खाई. अंगावर एकच सदरा. तो खडकावर धुवायचा आणि ओला तसाच अंगावर वाळवायचा. पुढे दलाल परत आला, पण चोरीचा आळ घेऊन त्यानेही याला साखळीने बांधून ठेवले. गोरा मनुष्य गुलामांच्याही खालचा गुलाम झाला. गंमत अशी, की अशा अवस्थेत त्याच्याजवळ भूमितीचे एक पुस्तक राहिले होते. ते घेऊन तो एकटाच किनाऱ्याच्या वाळूत काठीने आकृत्या काढीत बसे.

त्या बेटावर घडलेली एक लहानशी गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. तिथे विकायला आणून ठेवलेले गुलाम होते, साखळदंडांनी जखडलेले. त्यांना पोटापुरतेही मिळत नसे. त्यातला घास ते बाजूला काढून ठेवीत आणि कोणी पाहू नये अशा बेताने या आजारी गोऱ्या पोराला देत. कळले असते तर पाठीवर चाबूक बसता. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. जॉन जगला तो त्यांच्या अन्नावर.

त्याने बापाला पत्रे लिहिली. बापाने लिव्हरपूलचे जहाजमालक जोसेफ मॅनेस्टी या मित्राला सांगितले, आणि मॅनेस्टीचे ‘ग्रेहाउंड’ नावाचे जहाज सन १७४७ मध्ये त्या किनाऱ्यावर आले. तोपर्यंत जॉन दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेला होता आणि त्याचे बरे चालले होते. एके दिवशी किनाऱ्यावरून त्याच्या एका सोबत्याला जाणारे जहाज दिसले. त्याने व्यापाराची खूण म्हणून धूर केला. जहाज थांबले, आणि ते नेमके ग्रेहाउंडच निघाले! अर्धा तास उशीर होता तर चुकामूक ठरलेली. तरी जॉन यायला तयार होईना. शेवटी कप्तानाने त्याला वारसाहक्काने मोठे उत्पन्न मिळाल्याची थाप मारली. थापेचा उपयोग कितपत झाला असेल कोण जाणे. मेरीचे नाव मनात आले आणि तो जहाजावर चढला.

ग्रेहाउंडवर माल होता हस्तिदंत, सोने, मधमाश्यांचे मेण आणि रंगाचे लाकूड. सन १७४८ च्या जानेवारीत जहाज घरच्या वाटेला लागले. जॉनचे तोंड पूर्वीसारखेच चालू होते. मार्च महिन्यात एके दिवशी वेळ जाईना म्हणून त्याने जहाजावर पडलेले टॉमस अ केम्पिसचे ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ हे जुने पुस्तक सहज उघडले. वाचता वाचता मनात आले, हे सगळे खरे असले तर? पुस्तक मिटून तो गप्पा मारायला गेला आणि रात्री झोपला.

मध्यरात्रीच्या सुमारास प्रचंड लाट जहाजावर फुटली. खोलीत पाणी शिरले, वरून आरडाओरड, जहाज बुडते आहे म्हणून. जॉन शिडी चढू लागला, तोच कप्तानाने त्याला सुरी आणायला सांगितले. तो मागे वळला. त्याच्या जागी दुसरा एक खलाशी वर गेला आणि लाटेने त्याला जो ओढून नेला तो पुन्हा दिसला नाही. जहाजाची एक बाजू फुटली होती. अंगावरचे कपडे, अंथरुणे, जे सापडेल ते भेगांत कोंबून वरून फळ्या ठोकल्या. लाटेने वाहून जाऊ नये म्हणून माणसांनी स्वतःला दोरांनी बांधून घेतले. पहाटे तीन वाजल्यापासून जवळजवळ दुपारपर्यंत जॉन पंप मारीत होता. मधे कप्तानाशी काही बोलताना, हे जमले नाही तर मग देवानेच दया केली पाहिजे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघून गेले. कित्येक वर्षांत देवाचे नाव त्याने शिवी म्हणूनच घेतले होते. आपलेच शब्द ऐकून तो चपापला. कसली दया, आणि कोणावर? माझ्यावर?

पंप मारण्याची ताकद संपली तेव्हा त्याला सुकाणूला बांधला. दुपारी एक वाजल्यापासून मध्यरात्रीपर्यंत तो तिथे उभा, आणि अंगावर कोसळणाऱ्या लाटांमध्ये त्याच्यापुढे त्याचे सगळे आयुष्य उभे राहिले. आईची मांडी, विसरलेली गाणी, मोडलेली वचने. आपल्याइतका पापी कोणी नसेल, आपल्याला क्षमा असूच शकत नाही असे त्याला वाटले. आणि तरीही जहाज बुडत नव्हते. त्याचे कारण पुढे त्यानेच लिहिले आहे: मेण आणि लाकूड पाण्याहून हलके, त्यांनी जहाज तोलून धरले. कारण कळले म्हणून त्याला देवाची दया कमी वाटली नाही.

त्यानंतर चार आठवडे ते फुटके जहाज वाऱ्यावर भटकत राहिले. दिवसाला अर्धा खारवलेला मासा, तो बाराजणांत वाटून खायचा. या सगळ्याला हा नास्तिकच कारण, याला समुद्रात टाकावे, असे कप्तान उघड बोलू लागला होता. शेवटी ८ एप्रिलला आयर्लंडचा किनारा लागला. नांगर टाकून दोन तास झाले नाहीत तोच असे वादळ उठले की जहाज समुद्रात असते तर त्याचे तुकडे झाले असते.

जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे त्या वादळाचा दिवस १० मार्च. सन १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदलले, तेव्हा तो २१ मार्च झाला. हा दिवस जॉनने पुढे दरसाल पाळला. आपण एकादशी पाळतो तसा. उपास, एकांत, प्रार्थना, आणि देवाने काय केले त्याची आठवण. त्याच्या रोजनिशीतली शेवटची नोंद सन १८०५ ची, आणि ती याच तारखेची आहे. डोळ्यांना तेव्हा जवळजवळ दिसत नव्हते.

इथे एखादा कथेकरी हात जोडून मोकळा होईल. पापी होता, वादळ आले, भक्त झाला. लोक तर आणखी पुढे जाऊन सांगतात की जॉनने भर समुद्रातून जहाज वळविले आणि गुलामांना घरी नेऊन सोडले. ऐकायला फार छान वाटते, पण तसे घडले नाही. घडले ते असे.

मॅनेस्टीने त्याला गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी नेमले. सन १७५० मध्ये मेरीशी लग्न झाले, आणि त्याच वर्षी तो ‘ड्यूक ऑफ आर्गाइल’ या गुलामवाहू जहाजाचा कप्तान झाला. पुढे ‘आफ्रिकन’ या जहाजावर आणखी दोन फेऱ्या. एकूण तीन फेऱ्या, आणि तिन्ही वादळानंतरच्या! रविवारी खलाशांना गोळा करून तो प्रार्थना म्हणे. शिव्या देऊ नका म्हणून सांगे. सकाळ-संध्याकाळ बायबल वाची. आणि फळ्यांच्या एका थराखाली, जिथे माणसाला उठून बसताही येत नाही अशा जागेत, दोन दोन माणसे एका बेडीत अडकवून निजविलेली असत. काही गुलाम बंड करणार असे कळले, तेव्हा पोरांच्या अंगठ्यांना पेच लावून त्याने कबुली घेतली. ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. पूर्वीच्या प्लॅंटेन बेटांवरही तो कप्तान म्हणून जाऊन आला. तिथे गुलामीत असताना त्याच्या हातून लिंबाची रोपे लावून घेतली होती, आणि तू एक दिवस कप्तान होऊन येशील नि यांची फळे खाशील, अशी त्या दलालाने थट्टा केली होती. ती थट्टा खरी झाली. ज्यांनी चोरून घास दिला ते मात्र तोपर्यंत कुठल्या कुठे विकले गेले असतील.

तिसऱ्या फेरीत एकही माणूस दगावला नाही. या धंद्यात ते नवलच. लिव्हरपूलला परतल्यावर त्याबद्दल त्याने देवळांत देवाचे जाहीर आभार मानले. मनापासून मानले, त्यात ढोंग नव्हते. तेच तर अंगावर काटा आणते.

वाल्या कोळ्याला नारदाने विचारलेला प्रश्न एका क्षणात लागू पडला. जॉनला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. भोवतालच्या एकाही धर्मगुरूने, एकाही शेजाऱ्याने त्याला सांगितले नाही की हे पाप आहे. देवाने आपल्याला नेमून दिलेला हा व्यवसाय आहे असेच तो धरून चालला. फक्त रात्रंदिवस बेड्या, साखळ्या नि कुलुपे बघून त्याचा जीव विटे, आपण नुसते तुरुंगाचे अंमलदार झालो आहोत असे वाटे, आणि दुसरे काही माणुसकीचे काम दे म्हणून तो देवाजवळ मागे. आपल्याकडे गळ्यात माळ घालून दुकानात खोटे माप वापरणारा असतो. त्याला निदान माप खोटे आहे हे ठाऊक असते. जॉनला आपले माप खरेच वाटत होते.

सन १७५४ च्या नोव्हेंबरात, चौथ्या फेरीला निघायला दोन दिवस उरले असता, मेरीबरोबर चहा घेताना तो एकाएकी बेशुद्ध पडला. तासाभराने शुद्ध आली. वैद्यांनी समुद्र बंद केला. म्हणजे त्याने धंदा सोडला नाही, धंद्यानेच त्याला सोडले. त्यानंतर लिव्हरपूल बंदरात येणाऱ्या जहाजांची जकातीसाठी तपासणी करण्याची सरकारी नोकरी मिळाली. फुरसत पुष्कळ. त्यात तो ग्रीक, हिब्रू, सिरियाक या भाषा एकट्याने शिकला. व्हाइटफील्ड, वेस्ली या मोठ्या उपदेशकांची संगत लाभली. आईची इच्छा आता वर येऊ लागली. सन १७५८ मध्ये त्याने धर्मोपदेशकाची दीक्षा मागितली, पण विद्यापीठाची पदवी नाही, शिवाय नव्या पंथाच्या लोकांशी संबंध, म्हणून वरिष्ठांनी नाकारली. सहा वर्षे तो दारे ठोठावीत राहिला. अखेर लॉर्ड डार्टमथ यांच्या खटपटीने सन १७६४ मध्ये बकिंगहॅमशायरमधील ओल्नी या गावी त्याची नेमणूक झाली. लोक त्याला रेव्हरंड न्यूटन म्हणू लागले. आपण मात्र अहोजाहो करायला अजून थोडे थांबू.

ओल्नी हे गरिबांचे गाव. घरोघरी बायका, मुले लेस विणीत. दिवसभर अंधाऱ्या खोलीत वाकून काम, आणि मजुरी कवडीमोल. न्यूटन त्यांच्या घरी जाऊन बसे, त्यांच्या भाषेत बोले, अंगात पाद्र्याच्या झग्याऐवजी जुना खलाशी कोट. प्रवचनात स्वतःचे पाप सांगायला तो कधी कचरला नाही. देवळात जागा पुरेना म्हणून नवा सज्जा बांधावा लागला. लंडनचे व्यापारी जॉन थॉर्नटन त्याला वर्षाला दोनशे पौंड पाठवीत, आल्यागेल्याचे करावे आणि गरिबांना द्यावे म्हणून.

त्याच्या अभ्यासाची खोली घराच्या अगदी वरच्या मजल्यावर होती. तिथे शेगडीच्या वरच्या भिंतीवर त्याने बायबलमधील दोन वचने रंगवून घेतली होती. ती आजही तिथे आहेत. त्यातले दुसरे मोशेच्या नियमशास्त्रातील. इस्राएल लोकांना देव सांगतो की तुम्ही मिसर देशात गुलाम होता आणि मी तुम्हाला सोडविले याची आठवण ठेवा. न्यूटनने ते स्वतःसाठी रंगविले; प्लॅंटेन बेटावरची चटई, उष्टी थाळी, सगळे त्यात आले. रोज लिहायला बसला की डोळ्यांपुढे तेच.

पण हे वचन नियमशास्त्रात कुठे येते ते पहा. त्याच्या आधीची वाक्ये अशी आहेत की तुमच्या घरचा दास सातव्या वर्षी मोकळा करा, आणि मोकळा करताना त्याला रिकाम्या हाताने घालवू नका, आपल्या कळपातले, खळ्यातले त्याला द्या. का? तर तुम्हीही गुलाम होता म्हणून. न्यूटनला आपली सुटका दिसली. वचनाचा उरलेला भाग भिंतीवर आलाच नाही. पंधराएक वर्षे तो त्या भिंतीखाली बसला, आणि गुलामांच्या धंद्याविरुद्ध त्या काळात त्याने जाहीरपणे एक अक्षर लिहिले नाही. मला या चरित्रातली ही जागा सर्वांत अवघड वाटते. कृतज्ञता खोटी नव्हती, पण ती वर देवाकडे जाई. खाली त्या बेडीतल्या माणसांकडे वळायला तिला वाट सापडत नव्हती.

याच काळात कवी विल्यम कूपर ओल्नीला राहायला आला. हळवा, विद्वान, आणि मनाने वारंवार खचणारा. दोघांची मैत्री जमली. गावच्या प्रार्थनेसाठी दोघे भजने रचू लागले. सन १७७३ च्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी न्यूटनने दावीद राजाच्या प्रार्थनेवर प्रवचन केले. मेंढरांमागचे पोर राजा झाले, आणि देवापुढे बसून विचारू लागले की मी कोण, माझे घराणे ते काय, म्हणून तू मला इथवर आणलेस? त्याच प्रवचनासाठी न्यूटनने ‘अमेझिंग ग्रेस’ रचले असे अभ्यासक मानतात. आज ते ज्या चालीवर गातात ती चाल त्याला सन १८३५ मध्ये अमेरिकेत लागली. न्यूटनने ती कधी ऐकली नाही. आणि ते भजन ज्यांनी उराशी धरले त्यांत अमेरिकेतले काळे लोक पुष्कळ. ज्यांचे वाडवडील अशाच जहाजांच्या तळात निजवून नेले होते, त्यांनीच ते आपले केले. याला काय म्हणावे ते मला सुचत नाही.

त्याच जानेवारीत कूपरचे मन ढासळले. देवाने आपल्याला टाकले असे त्याने घेतले आणि जीव द्यायला निघाला. न्यूटन आणि मेरीने त्याला आपल्या घरी आणून वर्षाहून जास्त काळ सांभाळले. दोघांची भजने सन १७७९ मध्ये ‘ओल्नी हिम्स’ म्हणून छापली. एकूण ३४८, त्यातली बहुतेक न्यूटनची.

पुढच्याच वर्षी त्याला लंडनमध्ये सेंट मेरी वुलनॉथ हे देऊळ मिळाले, शहराच्या ऐन पेढ्यांच्या वस्तीत. तिथे सन १७८५ च्या डिसेंबरात एक तरुण गुपचूप भेटायला आला. कोणी पाहील म्हणून घाबरून चौकाला दोन फेऱ्या घातल्या, तेव्हा कुठे त्याने दार वाजविले. तो पार्लमेंटचा सभासद विल्यम विल्बरफोर्स. वय सव्वीस. लहानपणी त्याने न्यूटनच्या तोंडून समुद्राच्या गोष्टी ऐकल्या होत्या. देवाची ओढ लागली आहे, आता राजकारण सोडावे काय, हा त्याचा प्रश्न. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सोड सगळे आणि देवळात ये. न्यूटनने त्याला पार्लमेंटातच राहायला सांगितले. देवाने तिथे ठेवले असेल तर तिथेच काही काम असेल. ते काम कोणते हे दोनच वर्षांत ठरले. विल्बरफोर्सने गुलामांचा व्यापार बंद करण्याचे हाती घेतले.

आणि मग, सन १७८८ च्या जानेवारीत, म्हातारा बोलला. वादळाला चाळीस वर्षे होत आली होती. आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापाराबद्दल आपले विचार म्हणून त्याने एक छोटे पुस्तक छापले. आरंभीच कबुली, की आज ज्या धंद्याच्या नुसत्या आठवणीने काळीज कापते त्यात मी स्वतः हाताने काम केले, आणि ही कबुली फार उशिराची आहे. मग काहीही न झाकता लिहिले. फडताळात पुस्तके लावावी तशी माणसे कशी चिकटून निजवितात. सकाळी बेडीत एक जिवंत आणि एक मेलेला कसा सापडतो. बायकांचे काय होते. आणि हे काम करता करता गोऱ्या खलाशांची मनेही कशी दगड होतात. हे पुस्तक पार्लमेंटच्या सभासदांच्या हाती गेले. पुढे प्रीव्ही कौन्सिलपुढे आणि कॉमन्स सभेच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. विरोधकांनी बाकीच्यांना खुशाल म्हणावे की तुम्हाला काय माहीत. या साक्षीदाराला तसे म्हणण्याची सोय नव्हती. मोठ्या मानाच्या जागी बसलेल्या माणसाने उभ्या देशापुढे स्वतःला उघडे केले. आता त्यांना न्यूटन महाराज म्हणायलाही माझी जीभ अडत नाही.

सन १७९० च्या डिसेंबरात मेरी कर्करोगाने गेली. चाळीस वर्षांचा संसार. त्यांनी तिच्या अंत्यविधीचे प्रवचन स्वतः केले. त्यांना मूल नव्हते. मेरीची भाची बेट्सी त्यांनी वाढविली. म्हातारपणी तीच त्यांचे डोळे होती. तिलाही पुढे काही काळ वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेले न्यूटन रोज सकाळी कोणाचा तरी हात धरून तिथे जात, ठरलेल्या खिडकीखाली उभे राहत आणि रुमाल हलवीत. तिने हात हलविला का हे सोबत्याला विचारावे लागे. हलविला म्हटले की परत फिरत. ती पुढे बरी होऊन घरी आली.

त्यांच्याकडे येणाऱ्या तरुणांत विल्यम केरी हेही होते. सन १७९३ मध्ये बंगालला निघण्यापूर्वी ते भेटले होते. याच केरींनी श्रीरामपूरला नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी भाषेचे व्याकरण तयार करून सन १८०५ मध्ये छापले. न्यूटन यांचा आपल्याशी आलेला संबंध एवढाच, पण तो नोंदवून ठेवावासा वाटला.

ऐंशी ओलांडली तरी ते प्रवचनाला उभे राहत. अक्षरे दिसत नसत, मधेच विषय विसरत. आता थांबा असे स्नेही म्हणाले, तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देवाला शिव्या देणारा तो जुना माणूस तोंड चालते आहे तोवर गप्प कसा बसेल, असा त्यांचाच उलटा सवाल. सगळे विसरलो, पण मी मोठा पापी आणि ख्रिस्त मोठा तारणारा, या दोन गोष्टी आठवतात, असे ते सांगत.

विल्बरफोर्स यांचा ठराव वीस वर्षांत अनेकदा पडला. सन १८०७ च्या २५ मार्चला गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्यावर राजाची सही झाली. वादळाच्या तिथीनंतर चौथा दिवस. न्यूटन तेव्हा खोलीतून बाहेर पडत नव्हते, पण ते जिवंत होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आधीच मळ्यांवर असलेले गुलाम सुटायला मात्र आणखी पंचवीसतीस वर्षे लागली.

आपल्या समाधीवर काय लिहावे ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. एके काळचा नास्तिक आणि स्वैराचारी, आफ्रिकेत गुलामांचा चाकर, ज्या धर्माचा नाश करायला झटलो त्याचाच उपदेश करायला देवाच्या दयेने नेमलेला, अशा अर्थाचा तो मजकूर. गुलामांचा चाकर हे शब्द त्यांनी वगळले नाहीत. सन १८९३ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेच्या कामासाठी त्या देवळाखालच्या कबरी हलवाव्या लागल्या, तेव्हा न्यूटन आणि मेरी या दोघांना ओल्नीला नेऊन देवळाच्या आवारात एका कोपऱ्यात पुरले. ती भिंत तिथून जवळच आहे.